जुनी रिओहा रेड वाइन पहिल्यांदा घेताय? लेबलापासून ग्लासापर्यंत

भाच्याने माद्रिदहून बाटली आणली. तिच्यावर बारा-तेरा वर्षांपूर्वीचं साल. उघडायची कशी आणि कधी, हे घरात कुणालाच माहीत नाही, म्हणून ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ट्युबलाइटखाली उभी. असं चित्र पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत दिसतं, आणि त्यात त्या बाटलीची पार माती होते. हा लेख अशा घरांसाठी आहे. शिवाय स्पेनला निघालेल्यांसाठी आणि युरोपात राहणाऱ्या, पण दुकानातल्या स्पॅनिश कपाटासमोर गोंधळणाऱ्या आपल्या लोकांसाठीही.

उदाहरण म्हणून मी एकच घराणं धरलंय: स्पेनच्या रिओहा प्रांतातल्या आरो गावचं लोपेझ दे एरेदिया. जुन्या पद्धतीची वाइन समजून घ्यायला याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथे वाट बघायचं काम वाइनरीनेच करून ठेवलेलं असतं. तुम्ही बाटली आणखी वीस वर्षं जपायची गरज नाही. ती तुमच्या हातात बिघडू नये, एवढंच बघायचं.

१. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने झोपवल्या. बोर्दोचे व्यापारी माल शोधत पिरेनीज डोंगर ओलांडून खाली स्पेनमध्ये आले. आरोला तेव्हा नुकतीच रेल्वे पोचली होती, त्यामुळे वाइनची पिंपं थेट गाडीत चढवून बिल्बाओ बंदराकडे धाडता येत. म्हणून स्टेशनला लागूनच एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी १८७७ मध्ये इथेच आपली सुरू केली. आज ती त्याच घराण्याची चौथी पिढी चालवते.

फ्रेंचांकडून आलेली २२५ लिटरच्या ओक पिंपात वाइन मुरवायची पद्धत इथे रुजली. पुढे फ्रेंच स्वतः बदलले, स्पेनमधले बरेच जणही बदलले, पण या घराने ती सोडली नाही. द्राक्षं बहुतेक स्वतःच्या बागांतली. सगळ्यात मोठी बाग म्हणजे व्हिन्या तोंदोनिया. एब्रो नदीच्या वळणात ती १९१३-१४ मध्ये लावली आणि ती शंभर हेक्टरच्या वर आहे. मुख्य वाण तेंप्रानियो, जोडीला गार्नाचा, ग्रासियानो आणि माझुएलो. द्राक्षाचा रस मोठ्या जुन्या लाकडी टाक्यांत आंबतो आणि मग पिंपांत जातो. पिंपं वाइनरीच्याच सुतारशाळेत बनतात, लाकूड अमेरिकन ओकचं. वर्षातून दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात हाताने उतरवतात, म्हणजे तळाचा साका मागे राहतो. शेवटी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती निवळतात आणि न गाळता बाटलीत भरतात.

अंड्याचं वाचून काही जण थबकतील. बलक गढूळपणा धरून तळाशी बसतो आणि वाइन वरून काढून घेतात. पण घरात कडक शाकाहारी पाहुणे असतील, तर ओतायच्या आधी त्यांना सांगा. रिओहातल्या जुन्या पद्धतीच्या इतरही काही घरांत हीच रीत आहे आणि लेबलवर तिचा उल्लेख सापडेलच असं नाही.

२. लेबल वाचायला शिका

रिओहाच्या नियमानुसार रेड वाइनचे मुरवणीप्रमाणे दर्जे आहेत:

- क्रियान्सा: एकूण किमान २ वर्षं, त्यातलं किमान १ पिंपात.
- रेसेर्वा: एकूण किमान ३ वर्षं, त्यात किमान १ पिंपात आणि ६ महिने बाटलीत.
- ग्रान रेसेर्वा: एकूण किमान ५ वर्षं, त्यात किमान २ पिंपात आणि २ बाटलीत.

यांतलं काहीच लिहिलेलं नसेल, तर ती बहुधा ताजी प्यायची साधी वाइन असते. बाटलीच्या मागच्या बाजूला नियामक मंडळाची क्रमांक असलेली छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर दर्जा छापलेला असतो आणि प्रत्येक दर्जाचा रंग वेगळा. पुढच्या लेबलवर कितीही सोनेरी वेलबुट्टी असो, नजर आधी त्या चिठ्ठीवर टाका.

आता सापळे. पहिला म्हणजे हे आकडे किमान आहेत, कमाल नाहीत. लोपेझ दे एरेदियाची सगळ्यात ‘खालची’ रेड म्हणजे व्हिन्या कुबियो क्रियान्सा. ती पिंपात सुमारे तीन वर्षं असते, म्हणजे नियमाने ग्रान रेसेर्वाला लागतात त्याहून जास्त. तोंदोनिया रेसेर्वा सहा वर्षं आणि ग्रान रेसेर्वा दहाच्या आसपास. त्यामुळे एका घरची क्रियान्सा दुसऱ्या घरच्या ग्रान रेसेर्वापेक्षा जुन्या वळणाची निघू शकते. दर्जा बघायचाच, पण घर आधी बघायचं.

दुसरा सापळा ‘व्हिन्या’ या शब्दाचा. त्याचा अर्थ द्राक्षबाग, तो दर्जा सांगत नाही. दुकानदार ‘व्हिन्या अमुक’ असं भारदस्त आवाजात सांगून भाव वाढवू लागला, तर शांतपणे मागची चिठ्ठी वाचा.

तिसरा सापळा सालाचा. ‘कोसेचा’ शब्दासोबतचं साल द्राक्षतोडणीचं असतं, बाजारात आल्याचं नाही. तोंदोनियाची २००१ ची ग्रान रेसेर्वा दुकानात यायला वीसेक वर्षं गेली. साल जुनं आहे म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल आहे, असा समज इथे उलटा पडतो. नाशिकला जानेवारी ते मार्च तोडणी करून दोन-चार वर्षांत संपणाऱ्या रेड वाइनची सवय असलेल्यांची इथेच फसगत होते.

३. कोणत्या बाटलीपासून सुरुवात करायची

थेट ग्रान रेसेर्वा घेऊ नका. पैसे आहेत म्हणून घ्याल, पण कशाची चव घेताय ते कळणार नाही. माझा क्रम असा: आधी कुबियो, मग बोस्कोनिया (याच घराची आणखी एक रेड) किंवा तोंदोनियाची रेसेर्वा, मग पुढचं. बोस्कोनियाची बाटली उतरत्या खांद्यांची, बर्गंडी पद्धतीची, तर तोंदोनियाची सरळ खांद्यांची, बोर्दो पद्धतीची. लांबूनही ओळखता येतात. बोस्कोनिया जरा भरीव आणि गोलसर, तोंदोनिया सडपातळ आणि धारदार. माझं मत विचाराल तर तोंदोनिया.

हे घर मिळालं नाही तर अडून बसू नका. त्याच स्टेशनच्या परिसरातल्या ला रिओहा आल्ताची व्हिन्या आर्दान्सा, मुगाची प्रादो एनेया, कूनेची इंपेरियाल या तिन्ही जुन्या परंपरेतल्या आणि भरवशाच्या. प्रत्येकीचा बाज वेगळा आहे, पण तुम्हाला जो अंदाज यायला हवा तो येईल.

४. दुकानात घेताना

- बाटली उजेडात तिरकी धरून मानेतली पातळी बघा. वाइन मानेतच हवी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर ठेवून द्या.
- बूच वर सरकून आवरण फुगलंय किंवा मानेवर चिकट ओघळ आहे, तर बाटलीला ऊन लागलंय. कितीही सूट दिली तरी नको.
- बाटली काचेच्या खिडकीत ठेवलेली असेल तर आतल्या कपाटातली मागा.
- बाटलीभोवतीची सोनेरी तारेची जाळी बघून भुलू नका. रिकामी बाटली पुन्हा भरून विकणाऱ्यांना आळा घालायला ती एकेकाळी आली. आज ती बहुतेक शोभेची आहे आणि स्वस्तातल्या वाइनलाही सर्रास लावतात.

५. आरोला जायचं असेल तर

व्हिसा शेंगेन. महाराष्ट्रातून अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शहाण्याने दोन-अडीच महिने हातात ठेवावेत. लागणारी कागदपत्रं:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट
- भरलेला अर्ज, फोटो, बायोमेट्रिकसाठी स्वतःची हजेरी
- किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा
- विमान आणि मुक्कामाचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम
- बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचं पत्र

कार्यक्रमात ‘वाइनरी भेट’ लिहायला लाजू नका. पर्यटन ते पर्यटनच.

आरो बिल्बाओपासून साधारण १०० किलोमीटर, लोग्रोन्योपासून ४५. बस सोयीची. रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक बघूनच बेत करा. स्टेशनवर उतरलात तर सगळ्या मोठ्या वाइनरी पायी अंतरावर. गाव मात्र तिरोन नदीपलीकडे, चढावर.

भेट आधी ईमेलने ठरवा. न सांगता दारात उभं राहून आत घेतील या भरवशावर इतक्या लांब जाऊ नका. सकाळची वेळ मागा, कारण दुपारी दोननंतर तिथे सगळं जेवणासाठी थंडावतं. २९ जूनला आरोजवळच्या डोंगरावर लोक एकमेकांवर वाइन ओतायचा सण खेळतात. गंमत बघायची असेल तर जरूर जा, पण बाटल्या शांतपणे निवडायच्या असतील तर ती तारीख टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालते. बघायला भरपूर, पण माणसं कामात बुडालेली.

लोपेझ दे एरेदियाच्या दारातच दोन काळ समोरासमोर येतात. एका बाजूला जुना लाकडी मनोरा. दुसऱ्या बाजूला झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंनी केलेला सुरईच्या आकाराचा चकचकीत दालन-भाग. घराण्याचा १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनातला लाकडी स्टॉल त्याच्या पोटात बसवलाय. दुकान तिथेच आहे. पण खरं बघायचं ते खाली. डोंगराच्या खडकात पहारींनी खोदलेले बोगदे, त्यात तेरा हजारांच्या घरात पिंपं, बारा अंशांच्या आसपास गारवा आणि ओलसर हवा. भिंती काळ्या बुरशीने मखमली झालेल्या. जुन्या बाटल्यांच्या कोनाड्यांवर जाळी-जळमटं लोंबतात ती कोणी झाडत नाही, कारण बुचात अंडी घालणारे पतंग कोळी खातात. आपल्या आयांना हे तळघर दाखवलं तर त्या झाडू मागतील. स्वेटर न्या, मे महिना असला तरी. आणि अत्तर लावून जाऊ नका, बाकीच्यांना वाइनचा वास घेता येत नाही.

चव घेताना थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं असभ्य नाही. गाडी चालवणाऱ्याने तर वापरायचंच.

६. भारतात आणताना

एका प्रवाशाला विनाशुल्क दोन लिटर दारू किंवा वाइन आणता येते. सगळा घोळ याच हिशेबात होतो: ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तीन म्हणजे सव्वादोन. तिसरी बाटली मर्यादेबाहेर गेली. ती आणायची असेल तर कस्टमच्या लाल मार्गिकेतून जाऊन शुल्क भरा. पावत्या पासपोर्टसोबत ठेवा.

गावातल्या दुकानातून घेतलेली बाटली हातसामानात चालत नाही, चेक-इनमध्येच जाते. फुगवायची प्लास्टिक पिशवी मिळते, ती उत्तम. नाहीतर जाड सॉक्स, त्यावर टॉवेल, त्यावर प्लास्टिक, आणि बॅगेच्या मधोमध. विमानतळावरच्या करमुक्त दुकानाची बाटली सीलबंद पिशवीत देतात. मधे विमान बदलायचं असेल तर ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका.

भारतात आयात झालेली मोठ्या शहरांत कधीमधी मिळते, पण शुल्क आणि करांनी किंमत बरीच चढते आणि मधल्या गोदामात ती कोणत्या तापमानात राहिली याचा भरवसा नसतो. मी तरी प्रवासात घेतलेलीच पसंत करतो.

७. घरी ठेवणं

बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार हवा, हलवाहलव नको. बारा-पंधरा अंश तापमान आपल्याकडे एसीशिवाय शक्य नाही. वाइनचा छोटा फ्रिज नसेल तर सरळ सांगतो: एप्रिल-मेचा उन्हाळा तिला दाखवू नका, त्याआधीच प्या. घरच्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालतं, वर्षं नाही. स्वयंपाकघरातलं कपाट, फ्रिजचा माथा आणि शोकेस या तिन्ही जागा बाद.

८. उघडणं

हाताशी काय हवं: दोन पात्यांचा बूचकाढू (स्क्रू नसलेला, काच आणि बुचाच्या मधे सरकवायचा), नेहमीचा वेटर लोक वापरतात तो स्क्रू, स्वच्छ ओला फडका, मोबाइलचा टॉर्च, काचेचा जग, आणि मोठ्या पोटाचे ग्लास.

आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे साका तळाला बसेल. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे. आपल्या बत्तीस अंशांत ही वाइन नुसती दारूसारखी झोंबते. सोळा ते अठरा अंश हवेत.

मानेवरचं आवरण ओठाच्या खाली कापा. काही ग्रान रेसेर्वांवर लाखेचं सील असतं, ते चाकूच्या पाठीने हलकेच ठोकून फोडा आणि भुगा पुसून घ्या. बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती ओल्या तळघरातली आहे. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा.

जुनं बूच बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत असतं. स्क्रू घातला आणि जोर लावला की मधूनच तुटतं. म्हणून पात्यांचा बूचकाढू. लांब पातं आधी काचेला लागून आत जरासं सरकवा, मग आखूड पातं समोरच्या बाजूने. आता मूठ पुढे-मागे झुलवत दोन्ही पाती मिलिमीटर मिलिमीटर खाली न्या. सरळ दाबलंत तर बूचच आत जाईल. पाती पूर्ण गेली की ओढायचं नाही, पिळत पिळत वर आणायचं. बूच हलतंय हे बोटांना कळतं. तरीही तुटलंच, तर उरलेला तुकडा आत ढकला आणि चहाच्या स्वच्छ, वास नसलेल्या बारीक गाळणीतून जगात ओता. वाइनचं काही बिघडत नाही.

जगात ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा. कढवलेलं तूप बेरी न येऊ देता ओततो, तसं एका संथ धारेत ओता आणि मानेत काळपट रेघ दिसली की थांबा. तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे सापडतील. ते द्राक्षातल्याच आम्लाचे, निरुपद्रवी.

फार जुनी बाटली जगात तासन्‌तास ठेवू नका. आधी थोडी ग्लासात घेऊन बघा. बंद, कोंदट वास असेल तर दहा-पंधरा मिनिटं ग्लासातच राहू द्या. बहुतेकदा तेवढ्यात खुलते. कुबियोसारखी तरुण असेल तर अर्धा तास जगात खुशाल ठेवा.

९. चव घेताना काय शोधायचं

रंग गडद जांभळा नसेल. विटकरी, कडेला नारिंगी छटा, आरपार दिसेल इतका फिका. ‘पातळ आहे, पाणी घातलंय’ ही पहिली प्रतिक्रिया ठरलेली. थांबा. वास घ्या: सुकलेली चेरी, अंजीर, चामडं, तंबाखू, ओला पालापाचोळा, अमेरिकन ओकमुळे व्हॅनिला आणि किंचित खोबरं. आणि तोंडात घेतल्यावर या वयाला न शोभणारा आंबट तजेला. जिभेवर काहीतरी भारी पडावं अशी अपेक्षा असेल तर निराश व्हाल. हिची मजा घोट गिळल्यानंतर किती वेळ मागे रेंगाळते, त्यात आहे.

जुनेपणा आणि बिघाड यांत गल्लत होते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट फडक्याचा वास येतोय आणि फळाचा मागमूस नाही, तर बूच लागलंय, म्हणजे खराब बुचाचा वास वाइनमध्ये उतरलाय. ते हवेने सुधारत नाही. दुकानाची पावती असेल तर परत करा. शिजवलेल्या मनुकांसारखा गोडसर, मेलेला वास असेल तर उन्हाने बिघडली. नुसती व्हिनेगरची झाक, तीही आली-गेली, तर तो या पद्धतीचाच स्वभाव. तिला बिघाड समजून ओतून देऊ नका.

१०. सोबत काय

रिओहात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या हीच ठरलेली जोडी. शाकाहाऱ्यांनी तिथे जरा जपून राहावं. भाज्यांच्या मेनेस्त्रामध्ये हॅमचे तुकडे निघतात. बटाट्याच्या ‘आ ला रिओहाना’ रश्श्यात चोरिझो सॉसेज असतंच. लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीत मशरूमची चळत प्रसिद्ध आहे, तिच्या डोक्यावर छोटी कोळंबी बसवलेली असते. भाजलेल्या लाल मिरच्या आणि मेंढीच्या दुधाचं चीज मागितलं तर बहुतेक निभावतं. अंडं चालत असेल तर बटाट्याचा जाड आम्लेटही.

घरी तांबडा रस्सा, ठेचा, वऱ्हाडी झणझणीत प्रकार नकोत, तिखटापुढे वाइन नुसती आंबट लागते. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण, मिरीवर परतलेली अळंबी, तुपावर भाजलेली सुरणाची कापं यांबरोबर ती छान जाते. चीज खारवलेलं, मुरलेलं घ्या.

उरली तर बूच उलटं करून लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. वर्षानुवर्षं पिंपात थोडीथोडी हवा खाल्लेली असल्याने ही वाइन ताज्या रेडपेक्षा जास्त टिकते आणि दुसऱ्या दिवशी कधीकधी आदल्या रात्रीपेक्षा बरी लागते. प्यायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा. तळाचा साका मटणाच्या रश्श्यात ढकलला तरी चालतो.